म्हशीचा पान्हा आणि एकशे दोन जोड्या

कोल्हापुरात जुलै उजाडला की दोन आकडे लहानथोरांना तोंडपाठ असतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. डेअरीवर दूध घालताना, एसटीत, पानपट्टीवर एकच विचारणा चालते: “पाणी किती फुटावर?” शिवाजी पुलाला मच्छिंद्री झाली, म्हणजे पाणी पुलावरच्या ठरलेल्या खुणेला टेकलं, की काळजी एक पायरी वर चढते. २०१९ साली पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली आणि दोन वर्षांनी, २०२१ साली, ५६ फुटांच्याही वर. हे आकडे आम्ही इंचासकट सांगतो.

माझं आजोळ नदीकाठी आहे. तिथं दर पावसाळ्यात जो प्रश्न खरा पोटात गोळा आणतो, त्याला फूट-इंच लागू पडत नाहीत. निघायचं कधी? म्हशी न्यायच्या कुठं? खालची गल्ली निघाली आणि वरची बसून राहिली तर? आणि गाव एकदाचं उंचावर न्यायचं म्हटलं, तर काठावरचं मळीचं रान, देऊळ, पिढ्यांचा शेजार यांचं काय? कोणत्या फूटपट्टीनं मोजायचं हे सगळं?

अशा न मोजता येणाऱ्या, गुंतलेल्या प्रश्नांचा विचारही शिस्तीनं करता येतो. त्याच्या पद्धती आहेत, आणि त्यातली एक तर कागद, पेन्सिल आणि सहा-सात माणसं एवढ्या भांडवलावर घरच्या सोप्यात बसून करता येते. या लेखात मुख्यतः तीच समजावून सांगायची आहे.

आधी प्रश्नांतला फरक बघू. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठराविक पातळीला आलं की त्याच्याच दाबानं दरवाजा उघडतो. किती पाणी साठलं की किती दाब, दाराचं वजन किती, सगळं गणितात बसतं. ते गणित अवघड आहे, ज्यानं केलं त्याला मुजराच केला पाहिजे. पण एकदा सुटलं की सुटलं, आणि बरोबर आलं की नाही हे पहिल्याच पावसाळ्यात कळतं. गावाला असा दरवाजा बसवता येत नाही. पाणी अमुक फुटावर आलं की पाचशे उंबऱ्यांचं गाव आपोआप उठून चालू लागेल, अशी काही यंत्रणा नाही.

१९७३ साली होर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर या बर्कलेच्या दोन प्राध्यापकांनी या दुसऱ्या जातीच्या प्रश्नांवर एक निबंध लिहिला आणि त्यांना ‘विकेड प्रॉब्लेम’ म्हटलं. शब्दशः अर्थ ‘दुष्ट प्रश्न’. मला त्यापेक्षा आपला ‘अवघड जागेचं दुखणं’ हा वाक्प्रचार जास्त जवळचा वाटतो. रिटेल-वेबर यांनी अशा प्रश्नांची दहा लक्षणं सांगितली. दहाच्या दहा इथं मांडत नाही. जी पुराच्या बाबतीत डोळ्यांनी दिसतात तेवढीच घेते.

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं लक्षण असं की प्रश्न नेमका काय, हेच ठरत नाही. पुराचं कारण विचारा. एक जण म्हणेल कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं पाणी. दुसरा म्हणेल शिरोलीजवळ हायवेचा भराव नदीला आडवा आला. तिसरा पूररेषेच्या आतल्या बांधकामांकडं बोट दाखवेल, चौथा धरणांतून पाणी सोडण्याच्या वेळापत्रकाकडं. आणि खाली नृसिंहवाडीला त्याच पाण्याची लोक वाट बघत असतात, कारण नदी चढली की दत्ताच्या पादुकांवरून पाणी वाहून दक्षिणद्वार सोहळा होतो. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीत जी आपत्ती, ती वाडीत पर्वणी. आता गंमत अशी की यातलं प्रत्येक कारण आपल्याबरोबर आपलं उत्तर घेऊनच येतं. ‘प्रश्न काय’ हे ज्यानं ठरवलं, त्यानं ‘उत्तर काय’ हेही अर्धं ठरवून टाकलेलं असतं. म्हणून असल्या बैठकांत पहिल्या दहा मिनिटांत कोण बोललं, याला फार महत्त्व येतं.

दुसरं लक्षण म्हणजे इथं रंगीत तालीम नसते. गाव हलवून बघू, नाही जमलं तर परत आणू, असं होत नाही. १९८९ च्या पुरानंतर चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला भूखंड मिळाले. कागदावर पुनर्वसन झालं. तरी २०१९ आणि २०२१ ला जुन्या गावात पाणी शिरलं तेव्हा तिथं माणसं होती, जनावरं होती, चुली होत्या. याला लोकांचा हट्ट म्हणून सोडून देणं मला कधीच पटलं नाही. घर सोनतळीला आणि रान नदीकाठी, म्हणजे रोजची धार, वैरण, पाळीचं पाणी यांची फरफट. शिवाय घरातली माणसं वाढली की एका भूखंडात किती चुली मांडणार? ‘किती भूखंड दिले’ ही मोजता येणारी गोष्ट झाली. ‘दिवस कसा जाणार’ ही मोजायची राहिली.

तिसरं, उत्तर चूक की बरोबर असं नसतं. ते कुणाला बरं पडतं, कुणाला वाईट. आणि ‘झालं, संपलं’ असं म्हणायची जागाही येत नाही. पैसे संपतात, साहेबांची बदली होते, म्हणून काम थांबतं. प्रश्न तिथंच असतो.

मग करायचं काय? आपल्याकडं दोन वाटा ठरलेल्या आहेत. एक, हात वर करून बहुमत. दुसरी, सगळ्याला गुण द्यायचे आणि बेरीज करायची. गुण देण्याची चांगली शास्त्रशुद्ध रीतही आहे. थॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात ती बसवली. तिच्यात दोन-दोन गोष्टींची तुलना करून कोणती किती पटीनं महत्त्वाची हे ठरवतात आणि त्यातून प्रत्येकीचं वजन काढतात. दवाखान्यासाठी पाच जागा समोर आहेत आणि त्यांतली एक निवडायची आहे, अशा वेळी ती उपयोगी पडते. पण आपल्या गावच्या प्रश्नात मुळात पर्याय कोणते हेच समोर नसतं. आणि देवळाला सात गुण, म्हशीला आठ असं एकदा लिहिलं की बेरजेला उगाच वजन येतं. तो आठ कुठून आला हे मग कुणी विचारत नाही.

तिसरी वाट एका खगोलशास्त्रज्ञानं दाखवली. फ्रिट्झ झ्विकी हे त्यांचं नाव. जन्म १८९८ चा, बल्गेरियातल्या वार्ना गावचा, मूळ स्वित्झर्लंडचे, आयुष्य कॅलिफोर्नियात गेलं. १९३३ साली कोमा नावाच्या दीर्घिकांच्या (म्हणजे गॅलेक्सींच्या) समूहाचा अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आलं की त्या दीर्घिका ज्या वेगानं फिरतात, त्या वेगाला दिसणाऱ्या ताऱ्यांचं वजन पुरत नाही. काहीतरी न दिसणारं वस्तुमान तिथं असलं पाहिजे. आज आपण ज्याला ‘डार्क मॅटर’ म्हणतो, त्याची ही सुरुवातीची चाहूल. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि वॉल्टर बाडे यांनी न्यूट्रॉन ताऱ्यांची कल्पना मांडली.

झ्विकी यांच्या विचाराची रीतच वेगळी होती. ते म्हणत, एखाद्या प्रश्नाची जी उत्तरं सुचतात तेवढ्यांवर थांबू नका. आधी शक्य असलेलं सगळं मैदान आखा. जेट आणि रॉकेट इंजिनांवर काम करताना त्यांनी एक चौकट मांडली. इंजिन कशातून जाणार? हवेतून, पाण्यातून, निर्वात पोकळीतून की जमिनीतून? इंधन कसलं? वायू, द्रव की घन? अशा एकेका अंगाचे पर्याय लिहायचे आणि प्रत्येकाची प्रत्येकाशी सांगड घालून बघायची. जमिनीतून पुढं सरकणारं इंजिन ऐकायला विचित्र वाटतं. झ्विकींचा नियम असा की विचित्र वाटतं म्हणून काही खोडायचं नाही. दोन गोष्टी एकत्र राहूच शकत नाहीत असं दाखवता आलं, तरच खोडायचं. या पद्धतीला त्यांनी ‘मॉर्फॉलॉजिकल अ‍ॅनालिसिस’ नाव दिलं. मॉर्फॉलॉजी म्हणजे रूपांचा, घडणीचा अभ्यास. चौकटीला आज ‘झ्विकी बॉक्स’ म्हणतात.

पुढं १९९० च्या दशकात स्वीडनच्या संरक्षण संशोधन संस्थेत टॉम रिची यांनी हीच चौकट इंजिनांकडून माणसांच्या प्रश्नांकडं वळवली आणि तिला संगणकाची जोड दिली. धोरणं, आपत्ती, संघटना, म्हणजे जिथं आकडे फार लांब नेत नाहीत अशा ठिकाणी.

आता हे प्रत्यक्ष कसं चालतं ते सांगते.

गेल्या उन्हाळ्यात, पाऊस लागायच्या आत, मामांच्या सोप्यात आम्ही सात जण बसलो. मामा, मामी, शेजारच्या वहिनी, शाळेचे गुरुजी, दूध संस्थेचे सेक्रेटरी, तालमीतला एक पोरगा आणि मी. तालमीची पोरं पुरात कमरेभर पाण्यातून माणसं काढतात, त्यामुळं त्यांच्यातला एक तरी हवा असा मामांचा आग्रह होता, आणि तो बरोबर निघाला. जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून चिकटवली आणि त्यावर पाच उभे रकाने आखले.

पहिल्या रकान्याला नाव दिलं ‘माणसं कुठं’. त्यात चार पर्याय निघाले: गावातल्याच उंच स्लॅबच्या घरांत, तालुक्याच्या शाळेतल्या निवाऱ्यात, पाहुण्यांकडं, किंवा कायमचं नव्या जागेत. दुसरा रकाना ‘जनावरं कुठं’: मालकाजवळच, गायरानात सामायिक शेड मारून, किंवा पाहुण्यांच्या गोठ्यात. तिसरा ‘निघायची खूण’: ३९ फूट, ४३ फूट, किंवा गल्लीत पाणी दिसल्यावर. चौथा ‘कुणी ठरवायचं’: ज्याचं त्यानं, ग्रामपंचायतीनं, प्रशासनानं. पाचवा ‘खर्च कुणाचा’: ज्याचा त्याचा, दूध संस्था आणि सोसायटीचा, शासनाचा.

रकाने ठरवायलाच तास गेला, आणि तो फुकट गेला असं कुणालाही वाटलं नाही. ‘खर्च कुणाचा’ हा रकाना सेक्रेटरींनी काढायला लावला, ‘निघायची खूण’ पोरानं. मी एकटी बसले असते तर हे दोन्ही मला सुचले नसते.

आता हिशेब बघा. प्रत्येक रकान्यातून एक-एक पर्याय उचलला की एक पूर्ण आराखडा तयार होतो. चार गुणिले तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे ३२४ आराखडे. एवढ्यांवर चर्चा करायची तर दुसरा पावसाळा येईल. पण पद्धतीची सगळी युक्ती इथंच आहे. आराखडे तपासायचेच नाहीत. तपासायच्या फक्त जोड्या. पहिल्या रकान्यातला एक पर्याय, दुसऱ्यातला एक, आणि प्रश्न एकच: ही दोन एकत्र नांदतील का? कोणतेही दोन रकाने घेऊन अशा सगळ्या जोड्या होतात फक्त १०२. आणि एक जोडी खोडली की ती ज्या-ज्या आराखड्यात आहे ते सगळे एका फटक्यात बाद होतात. आमच्या चौकटीत पहिल्या रकान्यातला पर्याय असलेली जोडी गेली तर २७ आराखडे जातात, इतर दोन रकान्यांमधली गेली तर ३६.

पहिली काही खोडाखोड सोपी होती. ‘ज्याचं त्यानं ठरवायचं’ आणि ‘३९ फुटांना सगळ्यांनी निघायचं’ या दोन गोष्टी एका वाक्यात बसत नाहीत. खोडलं, ३६ गेले. मग ‘गल्लीत पाणी दिसल्यावर’ आणि ‘गायरानातलं शेड’ ही जोडी आली. मी म्हटलं, गायरान उंचावर आहे, जमेल की. मामांनी मान हलवली. “नदी आपल्याकडं समोरनं येत नाही बाळ. ओढ्यातनं मागनं येते. गल्लीत पाणी दिसंपर्यंत गायरानाची वाट बुडालेली असती. म्हशी काय पोहत न्यायच्या?” खोडलं, आणखी ३६ गेले. गावाचा नकाशा माझ्यापाशी होता. ओढा मागून येतो हे मामांपाशी होतं.

आणि मग ‘माणसं निवाऱ्यात, जनावरं पाहुण्यांच्या गोठ्यात’ ही जोडी आली. कागदावर हे सगळ्यात शहाणपणाचं दिसतं. बहुतेक बैठकांत हेच ठरतं. गुरुजी म्हणाले, हे तर उत्तमच. सगळ्यांनी माना डोलावल्या. मामी इतका वेळ दारात उभी राहून ऐकत होती, ती आत आली.

“म्हस पाहुण्याच्या दावणीला बांधून मी शाळंत जाऊन बसू व्हय? परका हात लागला की पान्हा चोरती ती. दोन दिवसांत कास दाटंल, चार दिवसांत सुजंल. मग पाणी उतरल्यावर खायचं काय आम्ही? मी म्हशीसंगंच जातो.”

सोपा गप्प झाला. सेक्रेटरींनी वर बघितलं आणि हळूच म्हणाले, मागच्या पुरात दूध बंद झालेल्या घरांत नंतर कितीतरी दिवस दूध पूर्ववत झालं नव्हतं, त्याचं कारण आम्ही वैरणीवर ढकललं होतं. बायका निवाऱ्यातून का पळून येतात, हा प्रश्न वर्षानुवर्षं ‘लोक ऐकत नाहीत’ या सदराखाली पडून होता. त्याचं उत्तर म्हशीच्या कासेत होतं. आणि ते बाहेर आलं, कारण कागदानं अगदी बारका, नेमका प्रश्न विचारला. “पुराबद्दल तुमचं काय मत आहे?” असं विचारलं असतं तर मामी चहा करायला आत गेली असती.

यावर पोरानं अडवलं. “पण काकी, भाकड जनावरांचं तसं नाही ना?” बरोबर. भाकड म्हस, वासरं, बैल यांना पाहुण्याच्या गोठ्यात ठेवायला हरकत नाही. म्हणजे जोडी पूर्ण चूकही नव्हती. चूक रकान्यात होती. ‘जनावरं’ असा एकच रकाना आखून आम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच दावणीला बांधल्या होत्या. रकाना मोडला आणि दोन केले: ‘दुभती कुठं’ आणि ‘भाकड कुठं’. आराखडे ३२४ चे ९७२ झाले. जोड्या मात्र १०२ च्या फक्त १५०. चौकट वाढली तरी काम आवाक्यातच राहिलं, हे या पद्धतीचं मोठं बळ.

इथं थोडं थांबून सांगते, कारण हाच भाग लोक घाईनं ओलांडतात. आखलेली चौकट मोडावी लागली, म्हणजे पद्धत फसली असं नाही. रिटेल-वेबर म्हणतात तेच तर हे: असल्या प्रश्नाला हात घातल्याशिवाय तो नेमका काय आहे हे कळतच नाही. उत्तर शोधता शोधता प्रश्न नीट लिहिला जातो. एकाच बैठकीत चौकट जशीच्या तशी टिकली, तर मला शंका येते की कुणी मनातलं बोललंच नाही.

खोडताना आणखी एक शिस्त पाळायची असते, आणि माझ्या मते साऱ्या पद्धतीचा जीव तिच्यात आहे. जोडी का खोडली, याचं कारण तीनपैकी एक असतं. एक, ती अर्थानंच जमत नाही, जसं ‘ज्याचं त्यानं’ आणि ‘सगळ्यांनी एकदम’. दोन, अनुभव सांगतो की प्रत्यक्षात होत नाही, जसं ओढा आणि गायरान. तीन, होऊ शकतं, पण करू नये असं वाटतं. ही तिसरी जात वेगळ्या रंगात लिहायची. आम्ही लाल पेन्सिल घेतली.

लाल पेन्सिल पहिल्यांदा चालली ती ‘ग्रामपंचायतीनं ठरवायचं’ आणि ‘खर्च ज्याचा त्याचा’ या जोडीवर. वहिनींचं घर खालच्या गल्लीत आहे. त्या म्हणाल्या, “पंचायत सांगणार ३९ फुटाला निघा. टेम्पोचं भाडं कुणी द्यायचं? वरच्या गल्लीला निघायची पाळीच येत नाही, दरसाली आम्हीच. आणि पाणी ४१ वरनं उतरलं तर भाडं गेलं ते गेलंच.” मामांचं म्हणणं वेगळं होतं. प्रत्येक गोष्टीला पंचायतीच्या तिजोरीकडं बघितलं तर गाव चालायचं कसं? आवाज चढले. पण एक फरक पडला होता. एरवी हे भांडण ‘तुम्हाला व्यवहार कळत नाही’ आणि ‘तुम्हाला आमची काळजी नाही’ यावर गेलं असतं. इथं दोघांनाही दिसत होतं की व्यवहाराला काही अडचण नाही, वाद न्यायाचा आहे. ती जोडी खोडली नाही. लाल गोल करून ठेवली.

जे करू नये असं वाटतं, ते होऊच शकत नाही म्हणून सांगणं ही बैठकांतली जुनी खोड आहे. अधिकारी म्हणतो “तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही”, आणि त्याला म्हणायचं असतं “आम्हाला ते नको”. तीन कारणं वेगळी लिहायला लावली की ही सरमिसळ उघडी पडते.

रिची यांच्या कामातलं एक उदाहरण इथं चपखल बसतं. स्वीडनमध्ये हवाई हल्ल्यापासून बचावासाठी निवारे बांधण्याचं धोरण ठरवायचं होतं. त्यांच्या चौकटीतला एक रकाना होता ‘मूळ तत्त्व काय’. त्यात दोन पर्याय असे होते: सगळ्यांना सारख्याच प्रतीचा निवारा, आणि सगळ्यांना सारखाच धोका. ऐकायला दोन्ही समतेच्याच गोष्टी. पण मोठ्या शहरावर हल्ल्याची शक्यता खेड्यापेक्षा जास्त. मग सारखा निवारा दिला तर शहरवाल्याचा धोका जास्त राहतो, आणि धोका सारखा करायचा तर शहराला जास्त भक्कम निवारा द्यावा लागतो. दोन्ही एकदम होत नाहीत. आपल्याकडं पूरग्रस्तांना सरसकट सारखी रक्कम द्यायची की नुकसानीप्रमाणं, यावर दर वेळी जे रण माजतं, ते याच जातीचं. दोन्ही बाजू ‘न्याय’ हाच शब्द वापरतात आणि दोघांच्या मनात न्याय वेगळा असतो.

ही एकच पद्धत आहे असं नाही. रिटेल यांनीच वेर्नर कुंझ यांच्यासोबत १९७० मध्ये वादविवाद लिहून काढायची एक रीत मांडली होती. तिच्यात प्रत्येक बोलणं तीनपैकी एका खणात टाकायचं: हा प्रश्न आहे, ही भूमिका आहे, की हा भूमिकेच्या बाजूचा किंवा विरोधातला मुद्दा आहे? ग्रामसभेत कुणी म्हणतं “शाळेत जाऊ”, दुसरा म्हणतो “तिथं संडास दोनच आहेत”, तिसरा मागच्या निवडणुकीचं काढतो. पहिली भूमिका, दुसरा मुद्दा, तिसरं कुठल्याच खणात बसत नाही. फळ्यावर असं लिहू लागलं की तिसऱ्या प्रकारचं बोलणं आपोआप कमी होतं. इंग्लंडात लँकेस्टर विद्यापीठाचे पीटर चेकलंड सुरुवातीला चित्रच काढायला सांगत: माणसं, त्यांची नाती, कुठं तणाव आहे, कोण कुणावर डोळा ठेवून आहे, सगळं एका कागदावर. ज्यांना लिहिण्या-बोलण्याचा सराव नाही त्यांच्यासाठी ही सुरुवात फार चांगली.

आता या चौकटीकडून काय मागू नये, तेही सांगितलं पाहिजे. पाणी दारात आलं असताना चौकट आखत बसायचं नसतं. तेव्हा जो काठी घेऊन पुढं होईल त्याचं ऐकायचं. आणि चौकट निर्णय देत नाही. शेवटी कागदावर काही आराखडे उरतात. त्यातला कोणता घ्यायचा हे गावालाच ठरवावं लागतं. फक्त उरलेल्यातला प्रत्येक आराखडा आपल्या पायावर उभा राहू शकतो, एवढी खात्री असते.

सगळ्यात मोठा धोका वेगळाच आहे. निर्णय वर कुठंतरी आधीच झालेला असेल आणि लोकांना नुसतं रकाने भरायला बसवलं असेल, तर तो लोकांच्या वेळेचा आणि विश्वासाचा अपमान आहे. पुढच्या वेळी खरंच गरज असताना कुणी येणार नाही. म्हणून बसायच्या आधी विचारून घ्यावं: यातलं काय अजून ठरायचं बाकी आहे? ज्याचं उत्तर ‘काहीच नाही’, त्या बैठकीला जाऊ नये.

आणि बसलंय कोण, यावर सगळं अवलंबून आहे. मामी दारातच उभी राहिली असती, तर आमच्या कागदावर एक देखणी, चुकीची योजना उरली असती. सहा ते आठ माणसं पुरतात. जास्त झाली की भाषणं सुरू होतात. पण ती सहा-आठ जणं वेगवेगळ्या जागेवरून पाणी बघणारी हवीत. खालच्या गल्लीतलं एक हवंच, दूध काढणारं एक, वाहन असणारं एक, आणि नदी कुठून शिरते हे ज्याला नकाशाशिवाय माहीत आहे असं एक.

आमच्या कागदावर शेवटी लाल गोल चार उरले. त्यातला टेम्पोच्या भाड्याचा गोल घेऊन सेक्रेटरी दूध संस्थेच्या बैठकीत गेले. लवकर निघणाऱ्याचं भाडं संस्थेनं उचलायचं आणि दुधाच्या बिलातून सगळ्या सभासदांकडून, वरच्या गल्लीसकट, थोडं थोडं वळतं करायचं, असा विचार तिथं सुरू आहे. अजून ठरलेलं नाही.

मग कागद देवळातल्या बैठकीत लावला. लोक उठून जवळ येऊन वाचत होते, बोटानं रकाने मोजत होते. एक आजी काठी टेकत पुढं आल्या. नातवाकडून पहिला रकाना वाचून घेतला, ‘माणसं कुठं’. चारही पर्याय ऐकले. मग म्हणाल्या, “शाळंतल्या पायऱ्या मला चढवत न्हाईत. पाहुण्याकडं पंधरा दिवस पडून ऱ्हायला जीव धजत न्हाई. दुभती-भाकड तुम्ही येगळी केलासा. मग माणसं सगळी एकाच रकान्यात कशी?”

गुरुजींनी खिशातलं पेन काढलं आणि पहिल्या रकान्याच्या शेजारी एक उभी रेघ ओढली. वर लिहिलं ‘म्हातारी आणि आजारी माणसं कुठं’. खालच्या जागा अजून कोऱ्या आहेत. त्या भरायला येत्या रविवारी पुन्हा बसायचंय, आणि या वेळी बैठक आजींच्या सोप्यात आहे.